टेबलावर चालतं, बांधीवर अडतं

बालाघाट जिल्ह्यातल्या वाराशिवनी भागातून या वेळी भलंमोठं पत्र आलं आहे. पत्र लिहिणारा विद्यार्थी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि घरी धानाची शेती आहे. वडिलांना अपरात्री मोटर बघायला बांधीवर जावं लागू नये, म्हणून त्याने मित्रांच्या मदतीने एक यंत्र जुळवलं. त्यात अर्डुइनो ऊनो बोर्ड, पाण्याची पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, तापमानाचा सेन्सर, छोटा एलसीडी पडदा, एसएमएस पाठवणारं जीएसएम मॉड्यूल आणि मोटरच्या स्टार्टरला हुकूम देणारा रिले आहे. एकेक भाग सुटा चालतो, पण सगळे एकत्र केले की रोज नवी तक्रार. अशा प्रकल्पांत अडणाऱ्या बहुतेक जागा या एका पत्रात आल्या आहेत, म्हणून त्याचे प्रश्न एकाखाली एक घेत आहोत.

प्रश्न : प्रोग्राम तोच, जोडणीही तीच. घरी टेबलावर यंत्र बिनतक्रार चालतं आणि शेतावर नेलं की बंद पडतं. प्रोग्राममधली चूक कशी शोधू?

उत्तर : आधी प्रोग्राम बाजूला ठेवा. घरून शेतावर जाताना त्यातलं एक अक्षरही बदललेलं नाही. बदललं ते बाकी सगळं. घरी लॅपटॉपच्या यूएसबीतून वीज मिळत होती, शेतात ती अडाप्टरमधून येते. घरी तारा वीतभर होत्या, शेतात त्या कित्येक मीटर झाल्या. घरी शेजारी मोटर नव्हती, ओल नव्हती, दुपारचं ऊन नव्हतं. अशा वेळी प्रोग्रामच्या ओळी उलटसुलट करत बसणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं.

तपासाचा क्रम असा ठेवा. पहिली वीज. व्होल्टेज अडाप्टरच्या टोकाशी मोजू नका, ज्या मॉड्यूलची तक्रार आहे त्याच्या पायांवर मोजा आणि तेही ते काम करत असताना मोजा. दुसरी ग्राउंड. बोर्डाची वीज एकीकडून आणि जीएसएमची दुसरीकडून येत असेल, तरी दोघांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले हवेत. पाच व्होल्ट कशापासून मोजायचे हेच दोघांनी वेगळं धरलं, तर एकाचा ‘एक’ दुसऱ्याला ‘शून्य’ वाटू शकतो. तिसऱ्या तारा आणि त्यांचे सांधे. चौथे मॉड्यूलचा पत्ता आणि सिरियल जोडणीचा वेग. प्रोग्रामचा नंबर सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून यंत्र चालू झालं, तर बिघाड कशात होता हे कधीच कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात तो परत येतो.

प्रश्न : एलसीडीच्या मागे आय-टू-सीचा जोड आहे. उजेड पडतो, पहिल्या ओळीत काळे चौकोन दिसतात, पण अक्षर एकही नाही. पडदा जळाला का?

उत्तर : जळालेला नाही. चौकोन दिसतात त्याअर्थी वीज पोचली आहे आणि कॉन्ट्रास्टही जुळला आहे. पडद्याला फक्त हुकूम मिळालेला नाही. (चौकोनही दिसत नसते, तर मागच्या छोट्या पॉटचा स्क्रू फिरवून पाहायला सांगितलं असतं.)

आय-टू-सी ही फिलिप्स कंपनीने १९८२ साली आणलेली पद्धत. दोन तारांवर अनेक उपकरणं आणि प्रत्येकाला स्वतःचा पत्ता. तुमच्या जोडावरची चिप ‘पीसीएफ८५७४’ असेल, तर पत्ता बहुधा हेक्स २७ असतो. नावापुढे ‘ए’ असेल, तर हेक्स ३एफ. दोन्ही जोड दिसायला सारखेच, त्यामुळे मित्राचा प्रोग्राम जसाच्या तसा उचलला की इथेच फसगत होते.

‘आय-टू-सी स्कॅनर’ नावाचा छोटा प्रोग्राम मिळतो, तो चालवा. तो प्रत्येक पत्ता पुकारतो. आठ ठोक्यांनंतर नवव्या ठोक्याला कुणी तार खाली ओढली, तर त्या पत्त्यावर कुणीतरी आहे असं समजतो. पत्ता सापडला तर तो प्रोग्राममध्ये घाला. एकही सापडला नाही तर दोन तारा अदलाबदल झाल्यात का ते पाहा. ऊनोवर एसडीए ए-४ला आणि एससीएल ए-५ला जाते. स्कॅनर मध्येच गोठला, तर वीज चालू ठेवून दोन्ही तारांवरचं व्होल्टेज मोजा. काही चालू नसताना ते पाचाच्या आसपास हवं. शून्य आलं तर कुणीतरी तार धरून बसलं आहे. एकेक मॉड्यूल काढत जा, गुन्हेगार सापडतो. पुढे यात घड्याळ आणि गतीचा सेन्सर घालणार असाल, तर डीएस३२३१ आणि एमपीयू६०५० या दोघांचा मूळ पत्ता हेक्स ६८च आहे हे लक्षात ठेवा. दुसऱ्याचा एडी-शून्य पाय वर जोडला की त्याचा पत्ता ६९ होतो.

प्रश्न : तापमान कधी ८५ अंश दाखवतं, कधी उणे १२७. सेन्सर डुप्लिकेट असेल का?

उत्तर : मे महिन्यातही बालाघाटात पारा ८५ला जात नाही, तेव्हा हे तापमान नाही. सेन्सर स्वतःची अवस्था सांगतो आहे. डीएस१८बी२० या सेन्सरला वीज मिळाली की पहिलं मोजमाप पूर्ण होईपर्यंत त्याच्या स्मृतीत ८५ हाच आकडा असतो. बारा बिटांच्या मोजमापाला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे ८५ आलं तर एक तर तुम्ही उत्तर फार लवकर मागितलं किंवा मध्येच त्याची वीज गेली आणि तो नव्याने सुरू झाला. उणे १२७ हे सेन्सरचं उत्तरच नव्हे. ‘कुणी बोललं नाही’ हे सांगायची ती लायब्ररीची रीत आहे. तार तुटली असेल किंवा डेटा आणि वीज यांच्यामधला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर राहिला असेल.

दोन आकडे, दोन वेगळे बिघाड. म्हणून चुकीचे आकडे पुसून टाकू नका, वेळेसकट लिहून ठेवा. तुम्ही पत्राच्या कडेला लिहिलं आहे की ८५ ‘बहुतेक एसएमएस जाताना’ येतं. पुढच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

प्रश्न : जीएसएम मॉड्यूलला ‘एटी’ पाठवलं की ‘ओके’ येतं. एसएमएस पाठवायला लागलं की ते बंद होऊन पुन्हा सुरू होतं, कधी अख्खा बोर्डच. शिवाय दोनपैकी एका सिमला नेटवर्कच मिळत नाही.

उत्तर : ‘ओके’ म्हणायला फारशी वीज लागत नाही, टॉवरला हाक मारायला लागते. सिम८००एल या मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट हवेत आणि बोलताना ते दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतं. तोही सलग नाही. सेकंदाला सुमारे २१७ झटके, प्रत्येक झटका जेमतेम ५७७ मायक्रोसेकंदांचा. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून त्यावर चार व्होल्ट दिसत असतानाही मॉड्यूल मात्र झटक्यागणिक उपाशी असतं.

हिशेबच करून पाहा. ब्रेडबोर्डच्या बारीक तारेचा (२८ गेज) रोध शुद्ध तांब्याची असली तरी मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. अर्धा मीटर जायची आणि अर्धा मीटर परतीची मिळून एक मीटर तार झाली. दोन अँपिअरला त्यात ०.४ व्होल्टहून जास्त गळाले. चार व्होल्टांतून निघालेली वीज ३.६ होऊन पोचली. त्यात ब्रेडबोर्डचे सैल सांधे धरले की ३.४ची रेषा ओलांडली जाते आणि मॉड्यूल बंद पडतं. त्यातून तार तांब्याची असेलच असं नाही. तुमच्याच जिल्ह्यात मलाजखंडला देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण असली, तरी बाजारातल्या स्वस्त जंपर वायरींमध्ये पुष्कळदा तांब्याचा फक्त मुलामा असतो. चुंबक लावून पाहा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि त्याचा रोध तांब्याच्या सहापट धरा.

उपाय सोपा आहे. ऊनोच्या पाच व्होल्टांच्या पायावर हे मॉड्यूल लावूच नका. तिथे व्होल्टेज जास्त आणि प्रवाह अपुरा. तीन अँपिअरचा बक कन्व्हर्टर घेऊन तो चार व्होल्टांवर लावा, तारा जाड आणि आखूड ठेवा, मॉड्यूलच्या पायांलगत १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवा. त्याच्या डेटा पायांना ऊनोचे पाच व्होल्ट सोसत नाहीत. त्याची पातळी २.८ व्होल्टांची आहे, तेव्हा मॉड्यूलकडे जाणाऱ्या तारेवर दोन रेझिस्टरचा विभाजक घाला.

नेटवर्क न मिळणाऱ्या सिमचं कारण निराळं. हे मॉड्यूल फक्त टू-जी जाणतं आणि जिओचं टू-जी जाळं मुळातच नाही. ते सिम फोनमध्ये उत्तम चालेल, इथे कधीच नोंदणार नाही. टू-जी सेवा असलेल्या कंपनीचं सिम घाला किंवा फोर-जी मॉड्यूल घ्या. मॉड्यूलवरचा बारीक दिवा पाहत चला. साधारण सेकंदाला एकदा लुकलुकला तर ते नेटवर्क शोधतं आहे. तीन सेकंदांनी एकदा लुकलुकला तर नोंदणी झाली. ‘एटी+क्रेग?’ विचारल्यावर शेवटी १ आलं तर ते घरच्या नेटवर्कवर आहे, ५ आलं तर रोमिंगवर, २ म्हणजे शोध चालू, ३ म्हणजे नेटवर्कने नाकारलं. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राची सीमा जवळ असलेल्या गावांत टॉवर कुठला मिळेल याचा नेम नसतो, तेव्हा प्रोग्रामने १ आणि ५ दोन्हींना ‘ठीक’ म्हणायला हवं.

प्रश्न : सिरियल मॉनिटरवर कधी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं उमटतात, कधी काहीच नाही.

उत्तर : सिरियल जोडणीत वेळ सांगणारी तार नसते, दोन्ही बाजू आपापल्या घड्याळावर बिटं मोजतात. वेग ९६०० असेल तर एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचं आणि सुरुवातीचं व शेवटचं धरून एका अक्षराला दहा बिटं. दोन घड्याळांत पाचएक टक्क्यांची तफावत पडली की दहाव्या बिटापर्यंत मोजणी शेजारच्या बिटात घुसते. म्हणून चिन्हं नेहमी तीच आणि तशीच येत असतील, तर वेग जुळलेला नाही. एरवी नीट आणि मधूनच कचरा येत असेल, तर वीज, ग्राउंड किंवा मोटरचा गोंगाट. काहीच येत नसेल, तर तारा उलट्या करून पाहा. एकाचा ‘टीएक्स’ दुसऱ्याच्या ‘आरएक्स’ला जायला हवा.

ऊनोत आणखी एक खोच आहे. शून्य आणि एक नंबरचे पाय यूएसबीकडेही जातात. तिथे जीएसएम जोडलेलं असताना प्रोग्राम चढत नाही आणि बोर्डच गेला असं वाटतं. इतर दोन पायांवर सॉफ्टवेअर सिरियल वापरा, पण वेग ९६००च ठेवा. १,१५,२०० त्याला झेपत नाही.

प्रश्न : वडिलांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून एसएमएस मराठीत पाठवला. फोनवर नुसती प्रश्नचिन्हं आली!

उत्तर : मॉड्यूल आपणहून जी लिपी वापरतं तिच्यात सात बिटांची १२८ चिन्हं आहेत आणि त्यात देवनागरी नाही. देवनागरीसाठी त्याला ‘यूसीएस-टू’ या सोळा बिटांच्या पद्धतीवर न्यावं लागतं. त्यासाठी दोन हुकूम आहेत. ‘एटी+सीएससीएस’ला यूसीएस२ हे नाव द्यायचं आणि ‘एटी+सीएसएमपी’ला १७, १६७, ०, ८ हे आकडे. त्यातला शेवटचा ८ महत्त्वाचा, तो राहिला तर पुन्हा प्रश्नचिन्हं. मग मजकूर युनिकोडच्या हेक्स आकड्यांत लिहायचा. ‘पाणी’ म्हणजे ०९२ए, ०९३ई, ०९२३, ०९४०. (प्रोग्राममध्ये हे अर्थातच इंग्रजी अंक-अक्षरांत.) बहुतेकांचं पाऊल घसरतं ते पुढे. या पद्धतीत मोबाइल नंबरही तसाच लिहावा लागतो, नऊचा आकडा ००३९ असा. नंबर साधा ठेवला तर ‘एरर’ येतो आणि माणूस मजकुरातली चूक शोधत बसतो.

आणि संदेश आटोपशीर ठेवा. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. सात बिटांनी त्यात १६० चिन्हं बसतात, सोळा बिटांनी फक्त ७०. काना, मात्रा, वेलांटी आणि हलंत प्रत्येकी वेगळं मोजलं जातं, म्हणून डोळ्यांना दोन अक्षरांचं दिसणारं ‘पाणी’ इथे चार जागा खातं.

प्रश्न : रिलेने स्टार्टर ओढला की पडद्यावर कचरा येतो किंवा बोर्ड पुन्हा सुरू होतो. बोर्ड अडकला की त्याला आपोआप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग लावून टाकू का?

उत्तर : लावा, पण बिघाड मिटल्यावर. आधी लावलात तर तो बिघाड झाकेल आणि मोटर मधूनच बंद-चालू होत राहील.

स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वीज तोडली की तिच्यातली साठलेली ऊर्जा शेकडो व्होल्टांचा झटका होऊन बाहेर पडते आणि जवळच्या तारांत उतरते. त्याची सोय तिथेच करायची असते. एसी कॉइलवर रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर आडवा लावतात, डीसी कॉइलवर उलटा डायोड. स्टार्टरमध्ये २४० किंवा ४१५ व्होल्ट खेळत असतात, तेव्हा ते काम वायरमनकडूनच करून घ्या. तुमच्या हातातलं काम रिले मॉड्यूलवर आहे. तिथे ‘जेडी-व्हीसीसी’ असं लिहिलेल्या पायांवर एक छोटी टोपी असते. ती तशीच ठेवली तर रिले आणि बोर्ड एकाच विजेवर चालतात आणि आतल्या ऑप्टोकपलरचा काही उपयोग राहत नाही. टोपी काढा आणि रिलेला वेगळी पाच व्होल्टांची वीज द्या. त्या विजेचा ग्राउंड बोर्डाला जोडायचा नाही. पहिल्या उत्तरात ग्राउंड एक करा म्हटलं ते एकमेकांशी बोलणाऱ्या मॉड्यूलांसाठी; रिलेकडे हुकूम उजेडाच्या रूपात जातो, त्याला सामाईक ग्राउंड लागत नाही. सेन्सरच्या तारा मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका.

प्रश्न : सेन्सर बांधीत आणि बोर्ड मोटरघरात ठेवायचा आहे, अंतर तीसेक मीटर. आय-टू-सीचे सेन्सर तितक्या लांब तारेवर चालतील?

उत्तर : भरवसा नाही. आय-टू-सीवर उपकरणं तार फक्त खाली ओढू शकतात, वर न्यायचं काम रेझिस्टर करतो. तार लांबली की तिची धारकता वाढते आणि वर यायला वेळ लागतो. नियमाने पूर्ण जोडणीची धारकता ४०० पिकोफॅरडच्या आत हवी. इंटरनेटच्या केबलमधली जोडी मीटरला पन्नासएक पिकोफॅरड धरली, तर आठ मीटरलाच मर्यादा संपते. ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरने इतकी धारकता भरायला दीड मायक्रोसेकंदाहून जास्त लागतात, परवानगी आहे एका मायक्रोसेकंदाची. पद्धत तयार झाली ती एकाच डब्यातल्या चिपांसाठी.

तीस मीटरला आरएस-४८५ घ्या. त्यात दोन तारांमधला फरक वाचला जातो. मोटरचा गोंगाट दोन्ही तारांत जवळजवळ सारखाच उतरतो आणि वजाबाकीत बराचसा गळून पडतो. पीळ दिलेली जोडी वापरली आणि वेग कमी ठेवला, तर ही जोडणी १,२०० मीटरपर्यंत नेता येते. बांधीत सेन्सरजवळ एक छोटा बोर्ड ठेवा, तो आकडे मोजेल आणि मॅक्स४८५ या आरएस-४८५च्या चिपमधून पाठवेल. तीन गोष्टी पाहा. दोन्ही टोकांना १२० ओहम हवेत. वीज बंद करून दोन तारांमध्ये मोजलं तर साठच्या आसपास आलं पाहिजे. ‘ए’ आणि ‘बी’ची नावं सगळे कारखानदार सारखी वापरत नाहीत, उत्तर आलं नाही तर एकदा उलटून पाहा. आणि शेवटचं अक्षर पूर्ण बाहेर पडल्यावरच मॅक्स४८५चा ‘डीई’ पाय खाली आणा, नाहीतर दर संदेशाची शेपटी तुटेल. धानाच्या हंगामात विजा कडाडतात आणि उघड्या रानातल्या लांब तारेला त्यांचा धोका असतो. तारच नको असेल, तर लोरा रेडिओ आहे. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो.

प्रश्न : पाणी हललेलंही नसतं, तरी दुपारी पातळी चार सेंटीमीटर वर गेलेली दिसते. हाही तारांचा दोष?

उत्तर : नाही, इथे सगळी यंत्रणा निर्दोष आहे, गणित अपुरं आहे. सेन्सर आवाज पाठवून प्रतिध्वनीचा वेळ मोजतो. वीस अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो, पंचेचाळीस अंशांना सुमारे ३५८. प्रतिध्वनी लवकर परततो आणि जुन्या वेगाने हिशेब करणाऱ्या प्रोग्रामला मीटरभरावरचं पाणी चार सेंटीमीटर जवळ वाटतं. तापमानाचा सेन्सर तुमच्याकडे आहेच, तो सावलीत बसवा. अंशामागे वेगात ०.६ मीटर वाढवा आणि मगच अंतर काढा.

प्रश्न : एवढं करूनही अडलं, तर मदत मागताना काय लिहावं?

उत्तर : हाताने का होईना, जोडणीचं पूर्ण चित्र, ब्रेडबोर्डच्या फोटोवरून कुणालाही काही कळत नाही. प्रत्येक मॉड्यूलचं त्यावर छापलेलं नाव. त्याच्या पायांवर काम चालू असताना मोजलेलं व्होल्टेज. पडद्यावर आलेला मजकूर शब्दशः, चुकीचे आकडेही जसेच्या तसे. बिघाड कधी होतो आणि त्याआधी काय बदललं होतं. जमलं तर आठ चॅनलांचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर घ्या. ‘पल्सव्ह्यू’ हा प्रोग्राम फुकट आहे. तारेवरून गेलेला प्रत्येक बाइट आणि न मिळालेली पोच तो दाखवतो. त्याचं चित्र जोडलंत तर निम्मे सल्लागार अंदाज बांधणं सोडून देतील. आणि पत्रातून ‘चालत नाही’ हे दोन शब्द वगळा. त्यांच्या जागी यंत्र नेमकं काय करतं ते लिहायला बसलात की बऱ्याचदा पत्र टाकायची वेळच येत नाही.